आवाजाचं तेवढं बघा

आमच्या सासूबाई वाक्य कधी पुरं करत नाहीत. निम्मं बोलतात, उरलेलं हाताने हवेत सोडून देतात, आणि वर म्हणतात, "तेवढं बघा." पाण्याचं बघा म्हणजे पाणी भरा. उंदरांचं बघा म्हणजे उंदीर घालवा. कशाचं बघायचं म्हणजे आणायचं आणि कशाचं बघायचं म्हणजे हाकलायचं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "पाहुण्यांचं बघ." मी त्यांच्या चपला सरळ करून दारात मांडल्या. पाहुणे जेवायला आले होते.

पुढे मी शहाणी झाले, निदान मला तसं वाटत होतं. मी घरीच कपडे शिवते. दुपारी जेवणं झाली की सासूबाई खोलीत जाताना रोज म्हणायच्या, "मी पडते जरा, तू मशीनचं बघ." काय समजायचं ते मी समजायचे. मशीन बंद करायचे आणि हाताने काजं करत बसायचे. ऐन कामाची वेळ वाया. तोंडावर कधी बोलले नाही, पण त्या उठेपर्यंत भांडी जरा जोरातच घासायचे.

गेल्या वादळात आमचं छप्पर गेलं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. आमचे फिरले नाहीत, उडाले. हे मालाचा ट्रक घेऊन पुलापलीकडे अडकले होते. घरात आम्ही दोघीच, भरदुपारी, माझ्या कापड बेतायच्या टेबलाखाली. वर पत्रा असा वाजत होता की शेजारी बसलेल्या सासूबाई काय पुटपुटतायत ते मला ऐकू येईना. मग ताग्यावरून कापड फाडावं तसं काहीतरी झालं आणि एकदम लख्ख उजेड पडला. मला वाटलं, पाऊस थांबून ऊन आलं. वर बघितलं तर आभाळ. सासूबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की त्यांच्या बोटांचे वळ पुढे कितीतरी दिवस दिसत होते.

त्यानंतर त्या नणंदेकडे राहायला गेल्या. नणंदेची खोली स्लॅबच्या इमारतीत, वर आणखी दोन मजले. जाताना म्हणाल्या, "मला आता त्या पत्र्याखाली..." आणि हात हवेत.

आम्ही दोघं ताडपत्रीखाली राहिलो. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी शेजारणीला म्हणालेसुद्धा. आता दुपारभर मशीन चालव, कोण विचारतंय! पण चार दिवसांत माझंच डोकं उठलं. जेवायला बसलं की मीठ कमी आहे असं सांगणारं कोणी नाही. घरात भांड्याला भांडं लागतंच म्हणतात, पण लागायला दुसरं भांडं तरी हवं ना. मला त्यांची आठवण येत होती. हे कबूल करायला मला शेजारणीपेक्षा जास्त वेळ लागला. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"छप्पर असं घालू की आई आपणहून परत येईल," हे म्हणाले. मग त्यांनी सासूबाईंना फोन लावला, कुठला पत्रा हवा म्हणून विचारायला.

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही दोघं बघा," पलीकडून आवाज आला. "फिकट घ्या, उन्हाचं... आणि हे बघ, आवाजाचं तेवढं बघा."

"बघतो," हे म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "आवाज नको म्हणतेय."

"मी होते ना टेबलाखाली," मी म्हणाले. "मला नका सांगू."

पत्र्याच्या दुकानदाराला सगळा रस्ता ठोकेकाका म्हणतो. हातात आलेला पत्रा दोनदा ठोकल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. दुकानामागच्या अंगणात त्यांनी पत्र्यांचे तुकडे उन्हात मांडून ठेवले होते. यांचा जीव एका गडद निळ्यावर बसला.

"शोभून दिसेल," हे म्हणाले.

"कोणाला? कावळ्यांना?"

ठोकेकाका हसले. "हात ठेवून बघा, वहिनी."

निळ्यावर हात ठेवला तो चटका बसून मागे आला. शेजारच्या पांढऱ्यावर ठेवला, तर नुसता कोमट. निळ्याचा निकाल तिथेच लागला.

मग यांनी पातळ पत्र्याकडे बोट दाखवलं. वजनाला हलका, वाशांवर भार कमी, असं यांचं म्हणणं. काकांनी तो दोन्ही हातांनी धरून हलवला, तो थरथरला. "वाऱ्यात हा असा फडफडतो. फडफडून फडफडून स्क्रूभोवतीची भोकं मोठी होतात."

"म्हणजे काजं सैल होतात आणि बटणं निसटतात," मी म्हणाले.

"तेच! म्हणून हा जाड घ्या. याला स्क्रू वर दिसतच नाहीत, खालच्या पकडीत बसतो. पावसाचं पाणी भोकात शिरायचा प्रश्न नाही. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून वर मुलामा आहे." त्यांनी पत्रा दोनदा ठोकला. "आणि एक लक्षात ठेवा. वारा छप्पर ढकलत नाही, उचलतो. वळचणीत बोट घालायला जागा मिळाली की संपलं. वळचण आखूड ठेवू, कडेला पकडी दाट लावू, आणि वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडू. नाहीतर पत्रा वाशाला घट्ट, आणि दोघे मिळून उडाले!"

"आणि आवाजाचं?" मी विचारलं.

काकांनी झारी भरून आणली. नुसत्या पत्र्यावर पाणी सोडलं, तडतड तडतड. माझ्या मनगटावर काटा आला. मग त्यांनी त्याच पत्र्याखाली जाड अस्तर लावलेला नमुना पुढे ओढला. त्यावर पाणी पडलं तर कोणीतरी दुसऱ्या खोलीत कुजबुजावं एवढंच. शेवटी अस्तर आणि त्याखाली लाकडी छत असलेला. मी कान लावला. काही नाही.

"याच्याखाली पाऊस आला की नाही ते खिडकीतून बघावं लागतं," काका म्हणाले. "उन्हाळ्यातही खोली गार राहते."

"हाच," आम्ही दोघं एकदम म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं असं एकमत मला दुसरं आठवत नाही.

छप्पर चढलं. हे जाऊन सासूबाईंना घेऊन आले. त्यांनी प्रत्येक खोलीत उभं राहून वर बघितलं, भिंतीवरच्या पट्ट्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "गार आहे." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. रात्रीच्या आमटीत मीठ जास्त झालं होतं म्हणे. मी इतकी खूश झाले की उलटून बोललेच नाही. यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

कोरडे दिवस छान गेले. दुपारी त्या म्हणायच्या, "मी पडते, तू मशीनचं बघ," आणि मी लगेच मशीन बंद करायचे, तेही न चिडता. त्यांची झोप मोडायला नको, पुन्हा नणंदेकडे जायला नकोत, एवढंच माझ्या डोक्यात.

मग एका दुपारी पाऊस आला. ठोकेकाका म्हणाले होते तसं मला तो खिडकीतूनच कळला. चांगला जोराचा होता, अंगणातली बादली भरून वाहत होती. घरात मात्र चिडीचूप. मी मनात काकांना शंभर आशीर्वाद दिले आणि एका झग्याची दुमड घालत बसले. दोरा दाताने तोडताना सहज बाहेर नजर गेली.

अंगणात भर पावसात सासूबाई उभ्या होत्या. अनवाणी, केस गालांना चिकटलेले, हनुवटी वर. छपराकडे बघत होत्या.

मी तशीच धावले. "डोकं फिरलंय का तुमचं? या वयात न्यूमोनिया ओढवून घ्यायचाय? आत चला आधी!" असं आणखीही बरंच बोलले. त्यांना ओढत आत आणलं, टॉवेलने केस खसाखसा पुसले. त्यांचे दात वाजत होते. पावसामुळे नव्हे, हे मला जरा उशिरा कळलं.

"काय बघत होतात तिथे?"

"आहे का ते."

"काय आहे का?"

"छप्पर." त्यांनी टॉवेल माझ्या हातातून घेतला. आणि मग त्या बाईने, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, सगळी वाक्यं पुरी केली. "त्या दिवशी वाजत होतं तोवर छप्पर होतं. मग वाजायचं एकदम थांबलं. मी तुला म्हणाले, अगं, थांबलं. मग वर बघितलं तर आभाळ. आता पाऊस दिसतो आणि आवाज येत नाही, की मला वाटतं, गेलं. पडल्या पडल्या छत दिसतं, तरी वाटतं गेलं. म्हणून तर म्हणाले होते, आवाजाचं तेवढं बघा."

एकाच टेबलाखाली आम्ही दोघी होतो. मी वाजणं ऐकलं, त्यांनी थांबणं ऐकलं. आणि आम्ही नवरा-बायको झारी घेऊन पत्रे तपासत फिरलो, नेमकं त्यांच्या भीतीचंच छप्पर निवडून आणायला.

तोवर सासूबाई उठून पिशवी भरायला लागल्या होत्या. "तुमचं छप्पर चांगलंच आहे. माझंच आपलं... मी मुलीकडे..."

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. "कुठे जाता? तुम्ही नसलात की हे घर मला खायला उठतं. मीठ कमी की जास्त ते मला कोण सांगणार? तुमचा मुलगा? त्याला भुसा वाढला तरी छान म्हणतो."

त्यांनी पिशवी काही परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकेकाकांना घरी बोलावलं. "लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात," ते म्हणाले. "तुम्ही आवाज मागताय!" यांनी सुचवलं की आईच्या खोलीवरचं तेवढं अस्तर काढावं. काकांनी मान हलवली. "उन्हाळ्यात खोलीची भट्टी होईल."

मग मला परसातला पत्रा आठवला. वादळानंतर जुन्या छपराचा हा एकच पत्रा सापडला होता, भाजीच्या वाफ्याला मी त्याचा आडोसा केला होता. तो सासूबाईंच्या खिडकीबाहेर बसवला तर? काकांना पटलं. अट एकच, त्याची चौकट वेगळी, भिंतीत पक्की, घराच्या छपराला कुठेही न जोडलेली. म्हणजे उद्या वाऱ्याने तो ओढलाच, तरी घराचं छप्पर त्याच्यामागे जाणार नाही.

जागा मात्र सासूबाईंनी ठरवली. त्या खिडकी लावून पलंगावर पडल्या, बाहेर हे आणि काका पत्रा धरून, आणि मी स्टुलावर उभी राहून वरून झारी सोडतेय.

"येतोय का ऐकू?" हे ओरडायचे.

"लांब आहे," आतून उत्तर.

पत्रा सरकायचा, मी पुन्हा झारी भरायचे. माझ्या दोन्ही बाह्या भिजल्या, काकांच्या डोक्यावरून पाणी ओघळलं. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. शेवटी उशाकडच्या कोपऱ्यावर पत्रा तिरका धरला तेव्हा आतून आवाज आला, "हां. इथे."

त्या पत्र्याचं घराच्या छपराशी काही देणंघेणं नाही, हे मला कळतं आणि त्यांनाही कळतं. पण कानाला शहाणपण शिकवता येत नाही. त्याला जे लागतं ते द्यावं लागतं.

पुढचा पाऊस पुन्हा दुपारचाच आला. सासूबाई खोलीत जाता जाता म्हणाल्या, "मी पडते जरा, तू मशीनचं बघ." मी सवयीने मशीन बंद केलं. बाहेर पत्रा तडतडायला लागला. मला तो आवाज अजून सोसत नाही. मी दारातून डोकावले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, कपाळावर आठी नव्हती.

"वाजतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी पाय न वाजवता मागे फिरले.

"अगं, मशीनचं बघ म्हणाले ना मी?"

एरवी मी काय समजायचं ते समजले असते. पण एका वाक्याने अख्खं छप्पर चुकलं होतं, म्हणून या वेळी विचारलं. "बंदच केलंय. आवाज होत नाहीये ना?"

त्यांनी डोळे उघडले. "बंद कर असं कधी म्हणाले मी? तू रोज बंद करायचीस, मला वाटायचं, तुलाही पडायचं असतं." मग उशीवर कूस वळवली. "चालू ठेव. ते वाजत असलं की कळतं, तू..."

हात हवेत गेला आणि पांघरुणावर पडला. मी जाऊन मशीनवर बसले. झग्याची दुसरी बाही अजून जोडायची होती. ती जोडून झाली, तरी मी रिकामंच मशीन चालवत राहिले, आतून घोरण्याचा आवाज येईपर्यंत.