गेनूचा ओ

ठिपका हिरवा होता, आणि अश्विनीचं दुखणं नेमकं तेच होतं.

राजगडावरून ट्रेकर लोकांनी ऑर्डर टाकायची, ती खाली पायथ्याच्या पाली गावात बाळाबाईआत्याच्या फोनवर पडायची आणि मंडळी उतरेस्तोवर पिठलं-भाकरी तयार, असं अश्विनीचं अ‍ॅप. फोनला नेट असलं की ठिपका हिरवा. गेलं की लाल, मग आत्यानं फोन घेऊन घरामागच्या धोंड्यावर चढायचं. गेल्या रविवारी ठिपका दिवसभर हिरवागार आणि नेट मेलेलं. बावीस माणसं गड उतरून आली, थंड चूल बघितली आणि ओढ्यापलीकडं आत्याच्या चुलतदिराकडं, गेनूच्या खानावळीत जेवली. आत्यानं बजावलं, की आज पुन्हा असं झालं तर अ‍ॅप काढून टाकायचं आणि अश्विनीनं वही घेऊन गडावर ऑर्डरी लिहायला जायचं. दर रविवारी.

चूक अश्विनीला सापडली होती. अ‍ॅप फोनला विचारायचं, टॉवर दिसतो का. फोन म्हणायचा, दिसतो. दिसायला काय, तोरणापण दिसतो. म्हणून तिनं अ‍ॅपला शिकवलं, की दर वीस सेकंदांनी थेट सर्व्हरला, म्हणजे पुण्यातून ऑर्डरी पोचवणाऱ्या कॉम्प्युटरला हाक मारायची. उत्तर आलं तरच हिरवा.

आज सकाळी दहाला आत्याचं रिचार्ज संपलं. ठिपका हिरवाच.

तिनं लॅपटॉप उघडला. हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. मधेच मोबाइल कंपनीचं ‘आपला पॅक संपला आहे’ हे पान पुढं होऊन उत्तर देत होतं, आणि अ‍ॅप समाधानानं मान डोलावत होतं.

इकडं आत्याला मोठी परात हवी होती, आणि ती गेनूकडं होती. वैर धंद्याचं होतं, परातीचं नव्हतं. तिनं अंगणातून गेनूला हाक मारली. पलीकडून कुणीतरी "व्हय" म्हणालं. आत्या हलली नाही. पुन्हा हाक, पुन्हा "व्हय". तिसऱ्या हाकेला उत्तर आलं, "मेलो न्हाई अजून, का बोंबलताय वैनी?" तेव्हा कुठं तिनं परात मागितली.

"आत्या, पहिल्यांदाच व्हय म्हणाले की."

"व्हय तर त्याच्या घरातलं शेंबडं पोरबी म्हनतंय. गेनू कवा सरळ ओ देतो का?"

अश्विनी तिच्याकडं बघतच राहिली. मग लॅपटॉपवर तुटून पडली. आता सर्व्हरचं उत्तर होतं, ‘मेलो न्हाई अजून, का बोंबलताय वैनी?’ अक्षरन् अक्षर हेच आलं तर खरं. दुसरं कुणी कितीही गोड बोललं तरी नेट नाही, अशी अ‍ॅपला ताकीद. नवं अ‍ॅप तिनं केबलनं आत्याच्या फोनात घातलं.

वीस सेकंद गेले. ठिपका लाल.

नेट नाही म्हणून पालीत आजवर कुणी नाचलं नव्हतं. अश्विनी नाचली. परात घेऊन आलेला गेनू उंबऱ्यातच थबकला. नाचता नाचताच तिनं स्वतःच्या फोनवरून आत्याचं रिचार्ज मारलं. ठिपका हिरवा झाला आणि सर्व्हरवर सकाळपासून खोळंबलेल्या ऑर्डरी धडाधड कोसळल्या. एकतीस ताटं.

आत्यानं फोन बघितला, परात बघितली, मग गेनूला बघितलं.

"बस भाकरी थापाय. माज्या एकटीच्यानं व्हायच्या न्हाईत."

गेनू बसला. त्याला कुणी सांगितलं नाही, पण तो अजून मेला नसल्याचं दर वीस सेकंदांनी पुण्याहून कळत होतं.