पंख्याचं दुसरं बटण

छोटी चाळिशीला टेकली होती, पण घरातली धाकटी म्हणून नाव पडलं ते पडलंच. ती फिजिओथेरपिस्ट होती; मोटारसायकलवरून घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सोडवायची. तिच्याकडे तिची आत्या राहायची. आत्याने टॉफीच्या कारखान्यात आयुष्यभर पाक उकळला होता, आणि आता निवृत्तीनंतर जगातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायला ती मोकळी होती.

एका दुपारी दोघी कालव्यावरच्या पुलाशी अडकल्या. बोट जाऊ द्यायला पूल उघडला होता आणि मागे-पुढे गाड्यांची ही रांग. मोटारसायकलचा इंजिनचा ताप दाखवणारा काटा चढत चढत लाल पट्टीला भिडायला आला.

"हिला पंखा आहे ना गं? मग फिरत का नाही?" मागून आत्याने विचारलं.

"फिरेल."

"कधी?"

छोटीने इंजिनच बंद केलं आणि रांग हलली तशी गाडी ढकलत नेली. वाटेत मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "ताई, पंखा ठणठणीत आहे. त्याला वाटेल तेव्हा फिरतो."

"त्याला म्हणजे कुणाला?" आत्याने लगेच पकडलं.

मेकॅनिकने रेडिएटरमध्ये बसवलेल्या पितळी बोंडाकडे बोट दाखवलं. ते तापलं की आतून वायर जोडली जाते आणि पंखा सुरू होतो. कितीला जोडली जाते, हे मात्र त्यालाही सांगता येईना.

आता छोटीला चैन पडेना. रविवारी तिने रेडिएटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बादलीत काढलं, बोंड सोडवलं, त्याला बॅटरी आणि एक छोटा दिवा जोडला आणि ते पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडलं. आत्याने पाकाचा जुना थर्मामीटर आणला. गॅस पेटला. दोघी पातेल्यावर वाकून उभ्या. ऐंशी, नव्वद, पाणी खळाखळा उकळलं, तरी दिवा ढिम्म.

"मेलं वाटतं हे," छोटी म्हणाली.

आत्या चष्मा पुसत होती, वाफेने सारखा धुरकटत होता. "थर्मामीटर शंभरावर अडकलाय बघ. गॅस कितीही वाढव, हलत नाही."

छोटी थबकली. पाणी याच्या वर तापणारच नव्हतं! रेडिएटरचं झाकण घट्ट असतं, आत दाब असतो, तिथलं कूलंट शंभराच्या पुढे सहज जात असणार. तिने पाणी ओतून पातेलं कोरडं पुसलं, त्यात तेल घातलं आणि आच मंद केली. थर्मामीटर एकशे पाचला पोहोचला आणि दिवा लागला. आत्याने टाळी वाजवली. गॅस बंद केला, तेल निवलं, तसा दिवाही विझला.

म्हणजे बोंड बिघडलं नव्हतं, नुसतं उशिरा उठणारं होतं.

"मग मी याची वायर तोडून सरळ हँडलवरच्या बटणाला जोडते," छोटी म्हणाली. "पंखा माझ्या हातात."

"आणि तू विसरलीस तर?"

छोटीने ओठ चावला. खरंच, ते बटण बंद राहिलं असतं तर बोंडाने कितीही बोंब मारली तरी पंखा फिरला नसता. तिने कागदावर रेघा ओढल्या, खोडल्या, पुन्हा ओढल्या. मूळ वायर तशीच ठेवायची, तिलाच दुसरी वायर जोडून हँडलवरच्या बटणात न्यायची आणि बटणातून पुढे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, कारण वीज त्यातूनच बॅटरीकडे परतते. एका खोलीला दोन दारं असतात तसं. कुठलंही एक उघडलं तरी पंखा चालू.

बोंड परत बसवून, कूलंट भरून तिने जोडणी केली. चावी फिरवली, बटण दाबलं. काही नाही. आत्या खाली बसून वायर जिथे सांगाड्याच्या बोल्टला आवळली होती तिथे निरखू लागली.

"इथे सगळा रंगच आहे की गं. रंगातून वीज जाते?"

"नाही जात!" छोटीने बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं आणि वायर पुन्हा आवळली. या वेळी पंखा घरघरत सुटला. इंजिन थंडगार, आणि पंखा आपला फिरतोय. दोघींना कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी पूल पुन्हा उघडला होता. काटा मध्याच्या वर सरकताच छोटीने बटण दाबलं. काटा थांबला, थोडा रेंगाळला आणि हळूहळू खाली आला. छोटी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू पेशंटचा गुडघा पहिल्यांदा वाकतोय.

तेवढ्यात मागून आत्याने तिच्या पाठीत बोट खुपसलं. "अगं बंद कर! माझ्या पोटऱ्या भाजतायत!"

छोटीच्याही नडग्यांना चटके बसत होते. रेडिएटरची सगळी गरम हवा पंखा मागे ढकलत होता, थेट त्यांच्या पायांवर. तिने बटण बंद केलं आणि हसू लागली. आत्या मात्र हसली नाही. ती एका बाजूला इतकी वाकली की छोटीला गाडी सावरावी लागली.

"आत्या, पडशील!"

"थांब गं. हवा नेमकी कुठून बाहेर येते ते बघू दे," आत्या म्हणाली. "इथे पत्र्याची तिरकी पट्टी लावली, तर हवा खाली वळेल का?"

पूल मिटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि छोटीही मान खाली घालून तिथेच बघत होती.