बुधवारची भीती

“वेल प्लेड, यतीन,” प्रिन्सिपल मिसेस हॅरिस हसून म्हणाल्या, आणि यतीनला धडकी भरली. तो कोच असलेला कॉलेजचा फुटबॉल संघ नुकताच पाच-शून्य हरला होता.

कोल्हापुरात हरल्यावर असं कोणी बोलत नसे. तिथे पेठेच्या संघाकडून खेळताना त्याने एकदा पेनल्टी बाहेर मारली, तेव्हा पानवाल्यापासून चुलत्यापर्यंत सगळ्यांनी त्याला भर रस्त्यात झाडलं होतं. पण झाडून झालं की विषय संपायचा, आणि मग चुलताच चहा पाजायचा. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, विषय संपतच नव्हता. सप्टेंबरपासून संघ दर बुधवारी हरत होता आणि लोक दर बुधवारी टाळ्या वाजवत होते. या गोडव्यामागे काय शिजतंय, ते त्याला कळेना.

त्याची बायको इरावती इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या नोकरीमागोमाग तो आला आणि काही वर्षं गोदामात खोकी भरत राहिला. फुटबॉल कोचची ही नोकरी लागली तेव्हा तिने वॉर्डभर पेढे वाटले होते. नोकरी वर्षाच्या बोलीवर होती. पुढचं काय ते हंगाम संपल्यावर ठरणार होतं. गोदामात परत जायचं त्याला नव्हतं.

पहिल्या मॅचला तो मैदानाच्या कडेवरून पेठेच्या आवाजात ओरडला होता. नंतर मिसेस हॅरिसनी त्याला कॉफी दिली आणि म्हणाल्या, “वी ट्राय टु कीप इट काम हिअर.” इथे आरडाओरडा चालत नाही, एवढं त्याला कळलं. बाई रागावल्या असत्या तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. त्या हसल्या, म्हणून तो घाबरला. त्या दिवसापासून त्याने तोंडाला कुलूप लावलं. पोरं चुकायची, चूक त्याला दिसायची, आणि तो खिशात हात घालून उभा राहायचा.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

“उद्या माझा ऑफ आहे. मी येणार बघायला,” इरावती म्हणाली.

“नको गं. काय बघायचंय त्यात?”

“तुमचं तोंड बघवंना झालंय. त्यापेक्षा मॅच बरी.”

दुसऱ्या दिवशी हाफटाइमलाच दोन-शून्य. दुसऱ्या हाफमध्येही डावीकडून समोरचे वाटेल तसे घुसत होते, कारण आपला अकरा नंबर परत मागे येतच नव्हता. शेजारी मिसेस हॅरिस मफलर गुंडाळून उभ्या होत्या.

तेवढ्यात शिस्तीत उभ्या असलेल्या पालकांमधून इरावतीचा आवाज आला.

“अहो, झोपलाय काय? त्या अकराला मागं घ्या की! दार सताड उघडं टाकलंय!”

सगळे वळून बघू लागले. यतीनला वाटलं, संपलं. ही बाई आज मला थेट गोदामात नेऊन सोडणार. पण कोणीतरी झाडलं होतं, आणि कित्येक महिन्यांनी त्याला पुरता श्वास घेता आला. हात खिशातून बाहेर आले.

“कुशल! अकराला मागं घे! मागं!”

कॅप्टन कुशल लेस्टरमध्येच जन्मलेला, पण एवढं मराठी त्याला घरून येत होतं. त्याने ते इंग्लिशमधून पुढे पोचवलं. मग यतीन थांबलाच नाही. भीती जागची हलली नव्हती, तरी अर्धं मराठी अर्धं इंग्लिश तो ओरडत राहिला. समोरच्यांना आणखी एकच गोल करता आला. आणि आपल्या पोरांनी कॉर्नरवरून हेडरने एक घातला, कित्येक आठवड्यांतला पहिला.

तीन-एक. हरलेच.

“थँक यू फॉर एव्हरीथिंग, यतीन,” मिसेस हॅरिसनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. या वेळी गोडव्यामागचं त्याला लगेच कळलं: पुढच्या वर्षी तो इथे नसणार होता.

चिखलाने माखलेला कुशल जवळ आला. “सर, तुम्ही आधी का नाही ओरडला?”

“जा, कपडे बदल. गारठशील,” यतीन म्हणाला.

मैदान रिकामं झालं. गोलची जाळी काढून ठेवायचं काम कोचचंच. त्याने आकडे सोडवले. इरावतीने पर्स गवतावर ठेवली आणि न सांगता दुसरं टोक धरलं. घरी पलंगपोस धरतात तशी जाळी ताणून दोघं एकमेकांकडे चालत आले.

“काय म्हणाल्या त्या?”

“थँक यू म्हणाल्या.”

मग त्याने घाईघाईत गुंडाळलेल्या बाजूकडे तिने बोट दाखवलं.

“नीट घाला घडी. पुढच्याला गुंता नको.”

त्याने जाळी पुन्हा उलगडली, आणि दोघांनी पहिल्यापासून घडी घातली.