अरुणाकाकूंचा लाल फोन

मी एक जुना लाल फोन आहे. उलव्याच्या मागच्या गावात, अरुणाकाकूंच्या ओटीवरच्या फळीवर माझी जागा. मित्रांनो, माझी गोष्ट फार मोठी नाही, आणि सांगताना आता मला फारसं काही वाटतही नाही.

मी आलो त्या दिवशी काकूंनी मला हळदकुंकू वाहिलं. पहिला फोन त्यांच्या थोरल्या भावाचा, दिलीपदादांचा. "आयकायला येतंय का गो?" एवढे ओरडले, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं! डोंगराआड मोबाईलला रेंज नव्हती, अर्ध्या गावाचे निरोप माझ्यावर यायचे. माझा तोरा काही विचारू नका.

मग साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातला. त्याच्या सहीवरून भावाबहिणीत वाजलं. दादा करंजाड्याला राहायला गेले. जाताना म्हणाले, "नंबर लिवून ठेव. बोलावंसं वाटलं तर फोन कर."

काकूंनी तो माझ्या पोटाखाली पेन्सिलने लिहिला. "थोरला हाय ना? करील तोच," म्हणाल्या. दर रविवारी मला पुसायच्या, उलटं करून नंबर बघायच्या आणि पुन्हा ठेवून द्यायच्या. अशी सात वर्षं गेली.

गेल्या वर्षी गावात फायबर आलं. पोरं हरखून गेली. जोडणी करणाऱ्या यशराजने माझी तांब्याची तार काढली आणि मला एका पांढऱ्या पेटीला जोडलं. "काकू, पेटीचं बटण बंद केलंत तर फोनपण बंद हां," त्याने बजावलं. काकूंनी मान डोलावली. पण सासूबाईंनी लावलेली चाळीस वर्षांची सवय! घराबाहेर पडायचं, तर भिंतीवरची सगळी बटणं बंद. जुन्या तारेतूनच मला करंट यायचा, म्हणून त्या सवयीने माझं कधी काही अडलं नव्हतं.

एका गुरुवारी काकू बाजाराला निघाल्या. पंखा, दिवा, पेटी. टक्, टक्, टक्. पुढचं मला काहीच कळलं नाही.

दुपारी त्या परतल्या, बटणं लावली, आणि पाठोपाठ दारात भाचा पार्थ उभा राहिला.

"आत्या, चल. बाबा गेले."

काकू पायरीवर बसल्या.

"सकाळी हॉस्पिटलातून तीनदा फोन लावला त्यांनी. लागलाच नाय. म्हनाले, मुद्दाम बंद ठेवला असल. राग गेला नाय तिचा."

"मीच बटन बंद केलं रं," काकू म्हणाल्या. रडल्या नाहीत. बाजाराची पिशवी हातात तशीच राहिली. पार्थने ती काढून घेतली.

आता पेटीच्या बटणावर चिकटपट्टी आहे. हिरवा दिवा अखंड जळतो. काकू रविवारी मला पुसतात, पण उलटं करत नाहीत.

मित्रांनो, तारा जपा, बटण चालू ठेवा, हे तर सांगायलाच हवं. पण ज्याच्यावर रुसला असाल, त्याला आधी तुम्हीच फोन लावा. काकू म्हणतात, त्या एका सकाळी मी बंद होतो. मला मात्र वाटतं, त्याआधीची सात वर्षं मी चालूच होतो.