निळा कान

कोटावर चिकटवलेला तो पिवळा गोल कागद — त्यावर नुसतं 'पाहुणे' एवढंच छापलेलं — एका कडेनं सुटायला लागला होता, आणि ओडेसा टिलमन तो अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबून बसवत होती. पाहुणे म्हणे! एकाहत्तरातली पासष्ट वर्षं या फिलाडेल्फियात काढली, इथंच लग्न, इथंच तीन बाळंतपणं, इथंच नवऱ्याला, लेमला, मातीत ठेवलं... आणि आज तिकीट काढून, पर्यटकांच्या बसमध्ये बसून, आपलंच गाव बघायचं. लेम असता तर पोट धरधरून हसला असता.

पण गुडघे हे असे, लेकीचं घर तासभर लांब, आणि लेक म्हणाली होती, "कशाला जातेस, आई? एव्हाना झाकलासुद्धा असेल त्यांनी. उगीच जिवाला त्रास." भित्तिचित्रं दाखवणारी ही बस त्या भिंतीपाशी थांबते, म्हणून तर ती आली होती. तिथं लेमचा तीन मजले उंच चेहरा होता, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत, भिंतीला अगदी खेटून, नवी इमारत चढत होती. एकदा दिसावा. झाकला जायच्या आत, एकदाच.

डावीकडं ती तडा गेलेली प्रसिद्ध घंटा आली तशी सगळी बस फोन घेऊन उठली. ओडेसा बसूनच राहिली. शेजारी ओहायोहून आलेले हॅरल्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मिठाचा मऊ प्रेटझेल, तो पीळ घातलेला पाव, मोडून निम्मा तिच्यापुढं धरला. "घ्या हो बाई, मला एकट्याला संपायचा नाही हा." तिनं घेतला. गरम होता. अनोळखी माणसानं काही हातावर ठेवलं की तिला हल्ली उगीच भरून यायचं.

लेमची भिंत रंगवायची होती तेव्हा चर्चच्या तळघरातही असंच खाणं फिरत होतं — कापडाच्या चौकोनांवर आधी रंगवायचं, मग ते चौकोन भिंतीला चिकटवायचे, म्हणून अख्खी गल्ली टेबलांभोवती बसलेली, प्रत्येक तुकड्यावर नंबर, त्या नंबरचा डबा... ओडेसाच्या वाट्याला लेमचा कान आला होता. आणि रताळ्याचा गोड 'पाय' भाजताना त्यात जायफळ किती घालावं यावरून शेजारणीशी, डेलोरिसशी, तिची अशी जुंपली, की ब्रश भलत्याच डब्यात गेला. "अगं ए, नवऱ्याचा कान आभाळात बुडवलास की!" डेलोरिस किंचाळली. चित्रकार बाई म्हणाल्या, होईल नीट, त्यात काय. पण लेम — बावीस वर्षं शाळेच्या कोपऱ्यावर उभं राहून त्यानं पोरांना रस्ता ओलांडून दिला, म्हणून तर भिंतीवर त्याचा चेहरा — लेम म्हणाला, "राहू द्या. बावीस वर्षं पोरांचा कलकलाट ऐकला, आणि चाळीस वर्षं हिचा. निळा पडेल नाही तर काय!" सगळे हसले. घरी आल्यावर मात्र, बुटांचे बंद सोडता सोडता, खाली मान घालून म्हणाला, "तेवढाच तुझा हात राहील माझ्याजवळ."

बस थांबली. ओडेसानं आधी डोळे मिटले, मग उघडले. नव्या इमारतीची काँक्रीटच्या विटांची भिंत लेमच्या नाकापर्यंत आली होती. तोंड गेलं होतं, ते हसू गेलं होतं... पण डोळे होते. आणि कान होता — निळाशार!

"हा निळा कान बघा," वाट दाखवणारी ब्रायना सांगू लागली, "सगळ्या शहराचं दुःख ऐकून घेणारा कान, असं चित्रकाराला सुचवायचंय."

"मला तर चूकच वाटते," हॅरल्ड पुटपुटले.

"चूकच आहे," ओडेसा म्हणाली. आवाज वाटला त्याहून मोठा निघाला. "मी केलीये. नवरा आहे तो माझा."

सगळी बस वळली. ब्रायनानं तोंडावर हात नेला. "अगं बाई! चार वर्षं मी लोकांना थापा मारतेय!"

"मार की. ऐकायला गोड वाटत होतं."

मग काय, प्रश्नांवर प्रश्न. आणि ती सांगत सुटली — बर्फातही तो सातला कोपऱ्यावर कसा हजर असायचा, कुणाच्या डब्यात काय आहे ते कसं ओळखायचा... चार वर्षं, दिवसाला बसच्या दोन फेऱ्या. कुठल्या कुठल्या गावची माणसं लेमला बघून गेली असतील, त्यांच्या फोनमध्ये, त्यांच्या घरात तो असेल, आणि आपण घरी बसून समजत होतो की तो फक्त आपलाच उरलाय. देवा, किती जणांचे उपकार मानायचे!

"पण पोरं ऐकायची का त्यांचं?" हॅरल्डनी विचारलं.

"ऐकतात कसली! तो शिट्टी वाजवायचा, आणि ती वेडी त्याचीच नक्कल करत..." आणि मग तिच्या लक्षात आलं, बस केव्हाच निघालीये, कोपरा मागे पडलाय. वळणापर्यंत डोळे भरून बघायचं ठरवलं होतं. राहूनच गेलं. आता चुटपुट लागेल, म्हणून ती वाट बघत राहिली; पण लागली नाही. हॅरल्ड अजून तिच्याकडंच बघत होते, पुढचं ऐकायला.