सेटची शिट्टी

जुना टीव्ही चालू केला की त्याच्या पाठीतून एक बारीक शिट्टी येते. घरात बसलेल्या माणसाचं तिकडे लक्ष जात नाही, पण मेकॅनिकची अर्धी विद्या त्या शिट्टीत होती. पडदा काळा आणि शिट्टी चालू, म्हणजे आतली जबर दाबाची वीज शाबूत आहे, बिघाड दुसरीकडे. शिट्टीच नाही, म्हणजे वीजच मेलेली. मीटर हातात घेण्याआधी तो मान तिरकी करून ऐकायचा आणि बहुधा तिथेच निकाल लागायचा.

साठी ओलांडल्यावर ती शिट्टी त्याला ऐकू येईनाशी झाली. कधीपासून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. बायकोला मात्र कळलं. दुकानामागच्या खोलीतून तिने हाक मारली तर ओ यायची नाही; तिने आवाज चढवला की हा उलट विचारायचा, "ओरडतेस कशाला?"

एका दुपारी तो एका सेटशी झटत बसला होता. पडदा काळा, शिट्टीही ऐकू येत नाही, म्हणून त्याने मोठा ट्रान्सफॉर्मर बदलला, तरी काळाच. घामाघूम झाला. बायको चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "शिट्टी तर वाजतेय की."

"कुठे वाजतेय? काहीतरी बोलू नकोस."

"अहो, डोकं उठलंय माझं तिने."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पिक्चर ट्यूबच्या मागचा जोड तपासला. झाळलेला एक टाका सुटलेला होता. तो पक्का करताच चित्र आलं. चहा गार झाला होता, तो त्याने तसाच प्यायला.

पुढे दोघांनी न बोलताच एक रीत लावून घेतली. तो सेट चालू करायचा आणि बायकोकडे बघायचा. तिने मान हलवली तर शिट्टी आहे. गिऱ्हाईक समोर असेल तर ती पदराने कपाळ पुसायची. डॉक्टरकडे चला, असं तिने एकदा सुचवून बघितलं. "कानात यंत्र घालून टीव्ही दुरुस्त करू? कोण येईल मग?" तो म्हणाला. तिने तो विषय सोडून दिला.

पण गल्लीतल्या लोकांना डोळे होते. एकदा शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आपला सेट न्यायला आला आणि भरल्या दुकानात हसत म्हणाला, "मास्तर, आजकाल निदान वहिनीच करतात वाटतं! मग पाटीवर त्यांचंच नाव घाला."

सगळे हसले. मेकॅनिकही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. दुकान रिकामं होताच तो बायकोवर उखडला. "तुला कुणी सांगितलंय सारखं पुढे पुढे करायला? उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही."

ती आत गेली आणि तिने मधलं दार लोटून घेतलं. रात्री ताट वाढलं, तेही मुकाट्याने.

दुसऱ्या दिवशी त्याने निवृत्त नर्सबाईंचा सेट उघडला. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. नव्या टीव्हीचा रिमोट त्याला जमत नव्हता. जुन्याची बटणं तेवढी हाताला ओळखीची. मेकॅनिकने सेट चालू केला. पडद्यावर उजेड नाही, स्पीकर गप्प. मान तिरकी केली. काहीच नाही. वीज आतपर्यंत पोचतच नाही, तार कुठेतरी तुटली असणार, असं त्याला वाटलं. एरवी प्लग काढल्याशिवाय तो आत बोट घालत नसे. त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आतल्या खोलीत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. दाराआडून तिला शिट्टी स्पष्ट ऐकू आली. ती म्हणाली, "चालू आहे हं तो."

उत्तर आलं नाही. अजून राग आहे वाटतं, असं म्हणून तिने पुढची घडी घातली.

मग स्टूल कोसळल्याचा आवाज झाला.

ती धावत बाहेर आली तेव्हा तो फरशीवर उताणा पडला होता. उजव्या हाताची बोटं काळी पडली होती. तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चष्मेवाल्याने गाडी बोलावली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सासरहून लेक आली. दिवसकार्य उरकलं. माणसं येऊन बसायची, उठून जायची. चष्मेवाला दारापर्यंत यायचा आणि आत न येता परत फिरायचा. घर रिकामं होऊन दोघीच उरल्या तेव्हा आई लेकीला म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं गं, चालू आहे म्हणून."

"मग झालं तर. तू सांगितलंस. त्यांना ऐकू आलं नाही, त्याला तू काय करणार?"

"ओरडून सांगितलं की त्यांना ऐकू यायचं. मी रोज ओरडूनच बोलायचे. त्या दिवशी रागात होते, म्हणून साध्या आवाजात बोलले."

लेकीने आईचा हात धरला. आईने तो हळूच सोडवून घेतला.

महिनाअखेर दुकान मोकळं करायचं ठरलं. भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि एकेक खोकं उचलू लागला. नर्सबाईंच्या सेटला त्याने हात घातला तशी आई पुढे झाली. "तो आमचा नाही. तो पोचवायचाय."

दोघींनी तो दोन्ही बाजूंनी धरला. रस्त्यात दोनदा खाली ठेवावा लागला. नर्सबाईंनी दार उघडलं आणि त्या पाहतच राहिल्या.

"दुरुस्त नाही झाला," आई म्हणाली.

"अहो, मी माणूस पाठवला असता. कशाला त्रास घेतलात?"

पलंगावरच्या म्हाताऱ्याने सेट पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने बटणाकडे हात केला. नर्सबाईंनी नवऱ्याला समजावलं, उद्या बघू, आज नको. तो ऐकेना, लहान मुलासारखा मुसमुसू लागला. नर्सबाई आईला बसा म्हणत होत्या, पण सेट चालू झाला तर ती शिट्टी पुन्हा ऐकावी लागेल, म्हणून ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मग लेकीला म्हणाली, "चल," आणि तिच्या आधी जिना उतरू लागली.