ढाण्याचं औषध

ढाण्यानं पुन्हा तोंड फिरवलं, तेव्हा सारजानं वाटी जमिनीवर आदळली. मटणाच्या रश्शात कालवलेली अळंबीची पावडर तिच्या लुगड्यावर उडाली. एरवी मटण घरात सणासुदीलाच शिजायचं. आता कुत्र्यासाठी रस्सा होत होता, कारण दुधातली पावडर ते हुंगतही नव्हतं.

पावडर तिच्या भाच्याची, दीपकची. पुण्याला शिकून येऊन त्यानं निमगाव केतकीत गव्हाच्या भुशावर अळंबी लावली होती. ताजी खपेना, म्हणून वाळवून दळली आणि परदेशात कुत्र्यांनासुद्धा ही मुद्दाम देतात, असं सांगत सुटला. उकिरड्यावरच्या कुत्र्याच्या छत्र्या आता कुत्र्यालाच चारायच्या, म्हणून सारजा आधी हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं.

तिचा नवरा जोतीराम पूर्वी मेंढरं राखायचा. कळप विकून त्यानं शेती धरली, ढाण्या तेवढा मागं राहिला. त्याच्या पोटात गाठ झाली होती. इंदापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गाठ पसरलीय, वयही झालंय, आता त्याला शांत पडू द्या. जोतीरामनं ऐकून घेतलं आणि परत येताना दीपककडून पावडरीचा पुडा आणला. मध्ये एकदा ढाण्या उठून गोठ्यापर्यंत गेला, तर यानं गावभर सांगितलं, की गुण आला.

सारजा वैतागून उठली ती थेट दीपककडे गेली. गाठ बरी होईल असं तू सांगितलंस का, म्हणून तिनं विचारलं. दीपक गोरामोरा झाला. अंगात ताकद येते एवढंच म्हणालो, गाठीचं नावही काढलं नाही, असं तो म्हणाला.

“मग चल, त्येंच्या तोंडावर सांग,” सारजा म्हणाली.

दीपकनं येऊन खाली मान घालून सगळं सांगितलं. जोतीराम ढाण्याच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होता.

“मला ठावं हाय,” तो म्हणाला. “डाक्टर बोललं तवाच कळलं व्हतं.”

सारजाचा पारा चढला. “मग मला कशापायी रस्सं शिजवाय लावताय?”

“त्यो पडलाय, अन् म्या नुसतं बघत बसू? वाटी घिऊन बसलं, की कायतरी करतोय आसं वाटतं.”

दीपक गुपचूप निघून गेला. हे आधी सांगितलं असतं तर तोंड झिजलं असतं का, असं पुटपुटत सारजानं उरलेला रस्सा गरम केला. पावडर घातली नाही. जोतीरामनंही मागितली नाही.

ढाण्या त्यानंतर आठवडाभर होता. जोतीराम वाटी घेऊन बसायचा आणि सारजा कुरकुरत ढाण्याचं डोकं मांडीवर धरायची. शेवटी शेवटी तो पाणीसुद्धा घेईना, नुसती बोटं चाटायचा. जोतीराम हात मागं घेत नसे.